ग्रात्सहून आलेले सात जोड

पोझेगा
रविवार, ११ फेब्रुवारी

नेवेंकास,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

सहा वर्षांनी कागद घेऊन बसले आहे ती एकच गोष्ट विचारायला. स्तिपान बसवाल्याला माझ्या पायांवर इन्स्पेक्टर म्हणून कुणी नेमलं? काल स्टँडवर त्याने तुझं बुटांचं खोकं माझ्या हातात दिलं आणि सोडायलाच तयार नाही. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, आणि हा बाबा वाकून माझ्या पायांकडे बघतोय. म्हणतो कसा, “यान्या, हे तर तेच जुने पांढरे. बहीण एवढे पाठवते ते जातात कुठे?” अख्खी बस काचेला नाक लावून ऐकत होती. मी म्हटलं, “स्तिपान, तू रस्त्याकडे बघावंस म्हणून लोक तिकीट काढतात, बायकांच्या पायांकडे नव्हे.” तर त्याचं उत्तर, “मला तिने बघून यायला सांगितलंय. तिला कळवायचं आहे.”

कळवायचं म्हणे! आपलं किती छान चाललं होतं. कार्निव्हलच्या सुमाराला सीमेपलीकडून, ग्रात्सहून तुझं खोकं यायचं, पानगळीला इथून माझा प्लमचा मुरंबा जायचा, मधे स्तिपानची बस. कुणी कुणाला एक ओळ लिहायची नाही, कुणी कुणाला दूषण द्यायचं नाही. त्यात आता हेरगिरी आली.

तर ऐक. तुझे बूट मी घालते. रोज घालते. काल घातले नव्हते कारण स्टँडवर चिखल होता, आणि ते तुझे ढगासारखे फुगीर तळवे चिखलात कोण घालतं? चिखलाला माझे जुनेच बरे. कॅनव्हासचे, बोटं उघडी, घोट्यापर्यंत नाड्या. या देशात उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येक बाईने तेच घातले आहेत. आईने पोस्टात तीस वर्षं घातले आणि कधी कण्हली नाही. कण्हली असेल तर आपल्याला ऐकू आलं नाही.

पायांचं विचारलंस म्हणून स्तिपान म्हणाला, म्हणून सांगते. उजव्या टाचेत काटा आहे. म्हणजे हाड वाढलंय, पण डॉक्टरसुद्धा काटाच म्हणतात. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की कळ थेट मस्तकात जाते. कोबीचं पान बांधून झालं, राकियाच्या दारूत भिजवलेलं फडकं बांधून झालं. त्या फडक्याने टाच दुखायची नाही थांबली, पण मला स्वतःच्याच वासाने गरगरलं. कंबर तर वेगळीच रडते. शाळेच्या स्वयंपाकघरात सकाळी साडेपाच ते दुपारी दोन मी फरशीवर उभी. तीनशे दहा पोरं. बसायला एक स्टूल आहे, त्यावर कांद्याचं पोतं बसतं.

पण हे सगळं तुझे बूट घालूनही होतंच, तेव्हा बुटांनी काही होत नाही हे सिद्ध झालं. पुन्हा पाठवू नकोस. सात जोड झाले. मला पाय दोनच आहेत.

फोनही करू नकोस. मला फोन नको. का ते विचारू नकोस.

यान्या

ता. क. यंदाचा मुरंबा पातळ होता. आटवून घे, नाहीतर केकातून गळेल आणि तू मला बोल लावशील.

❖

पोझेगा
झावळ्यांचा रविवार, २४ मार्च

नेवेंकास,

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांतली पहिली चिठ्ठी, आणि त्यात काय? “बुटांच्या तळव्यांचे फोटो पाठव.” सही नाही, ‘कशी आहेस’ नाही. तू वृद्धाश्रमात नोकरी करतेस की पोलिसात?

रेझिका तिच्या मोबाइलवरून फोटो पाठवते आहे. रेझिका आठवते ना? अंगणापलीकडची. आता माझ्याबरोबर शाळेत स्वयंपाकाला असते, म्हणजे मी स्वयंपाक करते आणि ती मला कसा करायचा ते सांगते. फोटो नीट बघ. टाच बाहेरच्या बाजूने जास्त झिजली आहे, कारण मी तशीच चालते, लहानपणापासून. पंजाकडे थोडे ओरखडे आहेत, ते शाळेमागच्या खडीचे. उजव्यापेक्षा डावा जास्त घासलाय, कारण उजव्या पायाने मी जरा बिचकतच चालते. एवढं पुरे ना? की आता मोजेही पाठवू?

रेझिकाला तुझे बूट पसंत नाहीत. तिने हाताने दाबून पाहिले आणि म्हणाली, “एवढं मऊ घालून बाई चालणार कशी? खाली जमीन आहे की पाव, कळायला नको?” मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे सगळ्या नर्सा हेच घालतात, बारा-बारा तास उभ्या असतात. ती म्हणाली, “मग त्यांना जमीन कळत नसेल.”

आणि समजा एखादा जोड मी वापरला नसेल, तरी काय बिघडलं? तूही याच घरात वाढलीस. आईने आपल्याला काय शिकवलं? चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. कपाटाच्या वरच्या फळीवर इस्पितळाची पिशवी. नवा गाऊन, दोन न धुतलेले टॉवेल, कोऱ्या सपाता. देव न करो आणि जावं लागलंच, तर डॉक्टरला दिसायला हवं की बाई घरंदाज आहे. सगळेच जोड घालून झिजवले असते तर पिशवीत काय ठेवलं असतं? म्हणजे एक जोड ठेवला आहे मी. एकच.

स्तिपान म्हणत होता, ईस्टरला ये म्हणून मी तुला लिहावं. त्याला काय जातंय. त्याला वाटतं बहिणी भांडल्या म्हणजे कुणीतरी कुणाची कढई परत केली नसेल. त्याला माहीत नाही. आईच्या मातीनंतरच्या जेवणात चाळीस माणसांसमोर मी म्हटलं होतं, “परक्यांच्या आया धुवायला हिला वेळ आहे, स्वतःची आई मरताना नव्हता.” तू सूप अर्ध्यावर टाकून उठलीस आणि त्या दिवसापासून या उंबऱ्यात आली नाहीस. बोलले ते बोलले. त्यावर मला काही लिहायचं नाही.

ईस्टरच्या शुभेच्छा.

यान्या

❖

इस्पितळ, तिसरा मजला
बुधवार, ८ मे

नेवेंका,

अक्षर वाकडं आहे कारण मी वाकडी आहे.

सोमवारी शाळेत घेवड्याचं कालवण होतं. चाळीस लिटरचं पातेलं शेगडीवरून उतरवायचं होतं. रेझिका म्हणाली, “थांब, दोघी धरू.” मी म्हटलं, “मी काय म्हातारी झाले?” उचललं, अर्ध्यात आणलं, आणि कंबरेत कुलूप पडलं. खरंच सांगते, आवाज झाला. पातेलं कसंबसं कट्ट्यावर टेकलं, पण मला सरळ होता येईना. तोंड कालवणावर, दोन्ही हात कडांवर, आणि मी तशीच. तेवढ्यात पहिल्या वर्गाची पोरं थाळ्या घेऊन खिडकीशी आली. एक चिमुरडी विचारते, “यान्या मावशी, आत काय पडलं?” मी म्हटलं, “माझी अक्कल पडली, बाळा. जा, पाव घे.”

अँब्युलन्सवाल्यांनी मला त्याच आकारात उचललं. अर्ध्या गावाने पाहिलं. उरलेल्या अर्ध्याला रेझिकाने सांगितलं.

डॉक्टर म्हणतो, मणक्यातली गादी सरकली आहे. त्याने आधी माझी कंबर नाही बघितली, पलंगाखालचे माझे बूट बघितले. उचलून, उलटे करून, तळवा बोटाने वाजवून. “किती वर्षं?” मी म्हटलं, “हा जोड नऊ. असे सगळे मिळून अडतीस.” म्हणाला, “आजी, हे संग्रहालयात द्या.” आजी! बासष्टाव्या वर्षी! मग म्हणाला की फरशीचा प्रत्येक दणका टाचेतून सरळ मणक्यात जातो, मधे काहीतरी मऊ हवं. काटा काय आणि गादी काय, दोन्ही एकाच दुकानातले. सहा आठवडे बघू. कंबर सावरली तर ठीक, नाहीतर उभ्याने काम बंद. म्हणजे स्वयंपाकघर बंद. म्हणजे मी घरी बसून भिंतींशी बोलायचं.

मी म्हटलं, “माझ्याकडे मऊ सात जोड आहेत.” तो म्हणाला, “कुठे?” कपाटात, असं सांगितलं असतं तर मला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

बरं. रोज घालत नव्हते. अधूनमधून. झालं समाधान? रेझिकाला पिशवी आणायला सांगितली आहे. तुझे बूट अखेर इस्पितळात येताहेत, ज्यासाठी होते त्याच कामाला.

यान्या

❖

इस्पितळ
शनिवार, ११ मे

नेवा,

हसायचं नाही. मी सांगून टाकते, पण हसायचं नाही.

इथे तेना नावाची मुलगी आहे, व्यायाम शिकवते. सव्वीस वर्षांची, हात गवंड्याचे. काल सकाळी आली आणि म्हणाली, “यान्याताई, आज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत.” मी नवा गाऊन घातला. तू पहिल्यांदा पाठवलेला निळा जोड काढला. आत अजून ग्रात्सचा पातळ कागद कोंबलेला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईने बघितलं आणि म्हणाली, “वा, काय बूट आहेत!” मी म्हटलं, “बहिणीने पाठवलेत. परदेशातून.” असं म्हणताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि नेवा, पाय आत घातले, उभी राहिले, आणि टाच दुखली नाही. एक पाऊल, दोन, पाच. काटा गप्प. कंबर कुरकुरली, पण सभ्यपणे. कुणीतरी खालून दोन्ही तळहात धरले आहेत असं वाटलं. मी अडतीस वर्षं फरशी तुडवली आणि असं चालता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तू सांगत होतीस. वर्षाला एकदा.

बारा पावलं झाली असतील. तेराव्याला कचकच झालं. मला वाटलं, आता पुन्हा कंबर. पण मागून झाडूवाल्या बाईचा आवाज आला, “अगं ए, ही माती कोण आणतंय? आत्ता पुसलंय मी!” मी वळून पाहिलं तर माझ्या खाटेपासून तिथवर काळ्या चुऱ्याची रांग. शिळ्या केकाचा पडतो तसा चुरा. आणि मी बघतेय तोवर उजव्या बुटाची टाच सुटून बाजूला पडली. मग डाव्याचा पुढचा भाग. तळवाच उरला नाही गं! वरून निळे, नाड्या व्यवस्थित बांधलेल्या, आणि खालून माझे मोजे फरशीवर.

पुढे काय झालं असेल ते तुला सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून बायका ओरडायला लागल्या. “अनवाणी! थंड फरशीवर! मूत्रपिंडं जातील हिची!” एकीने स्वतःची सपात माझ्याकडे फेकली, ती तेनाला लागली. कंबरेसाठी आलेल्या बाईच्या मूत्रपिंडांवरून सगळा मजला गोळा झाला.

तेनाने चुरा हातात घेऊन चोळला. विचारलं, “किती वर्षं ठेवले होते?” मी म्हटलं, “सहा.” ती म्हणाली, “हा मऊ तळवा ठेवायचा नसतो, ताई. तो पायाखाली दाबला जावा लागतो. नुसता ठेवला की हवेतला ओलावा त्याला आतल्या आत खातो, वरून कोरा दिसतो. तुम्ही हे घातले असते तर आणखी टिकले असते.” मग हसून म्हणाली, “माझ्या आजीकडे पण आहेत. इस्पितळासाठी. आज घरी जाऊन बघते.”

तर हे असं आहे. आता एकदाच लिहिते, पुन्हा विचारायचं नाही. एकही जोड घातला नव्हता. सातांपैकी एकही नाही, एकदाही नाही. फोटोतला झिजलेला तळवा मी अंगणातल्या सिमेंटच्या पायरीवर अर्धा तास घासला होता. रेझिकाने विचारलं काय करतेस, तर म्हटलं धुतेय. कोरडे बूट, पायरीवर, धुतेय. आणि तिने पाण्याची बादली आणून शेजारी ठेवली, यावरून काय ते समज.

आज तिला कपाटातले बाकीचे अंगठ्याने दाबून बघायला सांगितले. दुसरा आणि तिसरा जोड तिच्या हातातच गेले. चार शाबूत आहेत.

यान्या

❖

पोझेगा
रविवार, ९ जून

नेवा,

घरी आले. चालते आहे. तू पाठवलेला पाचवा जोड पायात आहे, आत्ता, टेबलाखाली. खोटं वाटत असेल तर स्तिपानला विचार, त्याने काल वाकून, हात लावून खात्री केली.

तुझं उत्तर मिळालं. मला वाटलं होतं चार पानं शिव्या येतील. मी तयारीत होते. आणि तू लिहिलंस तीन शब्द: “का घातले नाहीस?”

मी उत्तर तीनदा लिहून फाडलं. पहिल्यात लिहिलं, आईची शिकवण. दुसऱ्यात लिहिलं, रंग आवडले नाहीत. तिसऱ्यात लिहिलं, मला कुणाचे उपकार नकोत. तिन्ही वाचून माझाच मला संताप आला. बासष्ट वर्षांची बाई आणि चौथीतल्या पोरीसारखी कारणं देतेय.

तेव्हा फोनचं सांगते. तुला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते.

गुरुवार होता. आईला ताप होता, दोन दिवस अन्न नव्हतं. तू ग्रात्सहून फोन केलास. तू विचारलंस, “सेका, बहिणी, उद्याची बस आहे. येऊ का?” आणि मी म्हटलं, “काही येऊ नकोस, साधी सर्दी आहे, तू तुझ्या म्हाताऱ्यांकडे बघ.” तू पुन्हा विचारलंस. दोनदा विचारलंस. मी दोनदा नाही म्हटलं. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की फुप्फुसात उतरलंय. मला माहीत होतं, नेवा. साधी सर्दी नव्हती हे मला माहीत होतं.

का म्हटलं? राग होता. तीन वर्षं मी तिला उचलत होते, धुवत होते, भरवत होते, शाळेतून येऊन पुन्हा उभी. आणि तिचं तोंड उजळायचं कधी, तर तुझं नाव निघालं की. तू वर्षातून दोनदा चॉकलेटं घेऊन यायचीस, दोन दिवस तिचे केस विंचरायचीस, आणि मग महिनाभर मला ऐकायला लागायचं, नेवेंकाचे हात किती मऊ. मला वाटलं, या वेळी मी एकटीने तिला उठवीन. तू येशील तेव्हा ती खुर्चीत बसलेली असेल आणि म्हणेल, हे यान्याने केलं. बस, एवढंच हवं होतं मला. शनिवारी सकाळी ती गेली.

जेवणात जुरा काका म्हणाले, “नेवेंका वेळेवर का पोचली नाही?” सगळे तुझ्याकडे वळले. तू माझ्याकडे बघितलंस. मी सांगेन म्हणून तू वाट बघितलीस, किती वेळ बघितलीस ते मला अजून आठवतं. आणि मी ते बोलले, परक्यांच्या आया. तू एका शब्दाने म्हणाली नाहीस की मी विचारलं होतं.

आणि मग फेब्रुवारीत पहिलं खोकं आलं. निळा जोड. आत चिठ्ठीसुद्धा नाही. जिच्यावर मी खोटा आळ घेतला, तिने पाठवलेल्या मऊ बुटांत मी चालायचं? प्रत्येक पावलाला? खाई त्याला खवखवे. मी ते वर ठेवले. इस्पितळाचं निमित्त आईकडून आयतं मिळालं होतं. मला वाटायचं, टाच दुखतेय ते बरंच आहे. दुखू दे.

झालं लिहून. आता तुला जे लिहायचं ते लिही. पण लिही.

यान्या

❖

पोझेगा
गुरुवार, ७ नोव्हेंबर

नेवा,

पाच महिने झाले. एक ओळ नाही. ऑक्टोबरमध्ये मुरंबा पाठवला तर स्तिपानने सहाच्या सहा बाटल्या भरलेल्या परत आणून दिल्या. बिचारा माझ्याकडे बघतही नव्हता. म्हणाला, “ती म्हणाली, आत्ता नको.” मी म्हटलं, “आत्ता नको म्हणजे कधी?” म्हणाला, “यान्या, मी फक्त गाडी चालवतो.” आता आठवलं त्याला!

मला तुझा राग आला. खरं सांगते, खूप आला. कबूल केलं, लिहून दिलं, आणखी काय हवं? मग तीन-चार दिवसांनी भाजी निवडताना लक्षात आलं की मी काय केलंय. आळ घेतला तो चाळीस माणसांसमोर, आणि कबुली दिली ती बंद पाकिटात. हे म्हणजे चौकात थोबाडीत मारायची आणि घरी नेऊन माफी मागायची.

म्हणून सर्व संतांच्या दिवशी काय केलं ते ऐक. सगळे आईच्या कबरीशी होते. जुरा काका, रेझिका, चुलत्यांकडचे, त्या जेवणातले होते तेवढे सगळे. शेवंती ठेवून झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, प्रार्थना झाली. लोक वळायला लागले तेव्हा मी म्हटलं, “थांबा. मला बोलायचंय.” जुरा काका म्हणाले, “लवकर बोल, वारा सुटलाय.” मी म्हटलं, “सात वर्षांपूर्वी मी नेवेंकाबद्दल जे बोलले ते खोटं होतं. ती येणार होती. दोनदा विचारलं तिने. मीच येऊ दिलं नाही.”

मला वाटलं, आता काय होईल. कुणी थुंकेल, कुणी निघून जाईल.

काही झालं नाही. रेझिकाने नाक पुसलं. जुरा काका म्हणाले, “मग? आम्हाला ठाऊक आहे.”

“कसं ठाऊक?”

“अगं, तू फोनवर बोलतेस तेव्हा फोन लागतो कशाला?” रेझिका म्हणाली. “अंगणापलीकडे माझ्या चुलीपर्यंत आलं. ‘साधी सर्दी आहे, तू तुझ्या म्हाताऱ्यांकडे बघ!’ माझा नवरा बहिरा होता, त्यालासुद्धा कळलं.”

मी जी झाकली मूठ सात वर्षं धरून बसले होते, ती सगळ्या गल्लीने पहिल्याच दिवशी बघितली होती! मला इतका संताप आला की मी मेलेल्यांच्या गावात ओरडले, “मग त्या दिवशी टेबलावर कुणी बोललं का नाही? सात वर्षं माझ्या तोंडावर कुणी म्हटलं का नाही?”

जुरा काका म्हणाले, “बोलणारच होतो. तिच्या मागोमाग अंगणात गेलो, मी आणि रेझिका. तिथे रेझिकाने मला फोनचं सांगितलं. म्हटलं, आत चल, आत्ताच्या आत्ता खरं सांगू. तर नेवेंकानेच हात धरला. म्हणाली, ‘काका, तिने तीन वर्षं आईचं सगळं केलंय. मी निघून जाईन, तिला इथेच राहायचंय, तुमच्यात. तिला काही बोलाल तर माझी शपथ आहे.’”

मी तिथेच खाली बसले, ओल्या गवतावर. कंबरेला चालत नाही, तरी बसले. कुणीतरी मूत्रपिंडांचं बोललं. मी खूप रडले, नेवा. आईसाठी रडले नव्हते तेवढी रडले.

ही बाई सात वर्षं माझी अब्रू राखतेय, आणि वर मला बूट पाठवतेय. आणि मी स्टँडवर तुझ्या खोक्याचं टोक धरून ओढत होते. तू मला तेव्हाच चार लोकांत फैलावर घेतलं असतंस तर एवढं झालं नसतं. तुझ्या चांगुलपणाचाही मला राग येतो, ते लिहून ठेवते. मनुष्याने किती चांगलं असावं याला काही मर्यादा?

तेव्हा मी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. शनिवारच्या बसने. तेना म्हणाली, दर तासाला उठून चाला, तर मी स्तिपानच्या बसमध्ये पुढून मागे आणि मागून पुढे चालणार आहे, त्याने कितीही आरडाओरडा केला तरी. बरोबर मुरंबा आहे. या वेळी घट्ट आहे.

तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस आणि लिफ्ट नाही असं स्तिपान म्हणाला. तीन जिने मला अजून झेपत नाहीत, आणि न बोलावता तुझ्या दारापर्यंत यायचा हक्कही मला नाही. म्हणून हे पत्र तो वर घेऊन येईल. आत्ता तुझ्यासमोर उभा असलेला, धापा टाकणारा, तोच. मी खाली रस्त्याच्या दाराशी आहे.

बाकडं असलं तरी मी बसणार नाही. उभी राहणार. डॉक्टरांनी एका जागी वीस मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि तू लहानपणापासून बोट ठेवून, एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचतेस. तेव्हा पुन्हा वाचू नकोस. खाली ये.

यान्या